तेराव्या गुणसूत्रावरची रिकामी जागा

२०१९ सालची चवथ तोंडावर आली होती. माझ्या मामांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू चवथ झाल्यावर काढायचा असे ठरले होते. शस्त्रक्रियेआधी करतात ती साधी रक्ततपासणी केली, तर पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या. असायला हव्यात चार ते अकरा हजार. पुन्हा तपासले, तेच. मग रक्ताचा नमुना मुंबईला गेला आणि आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात सीएलएल. रक्ताचा कर्करोग, पण संथ चालीचा.

रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या. 'डिलीशन १३क्यू१४: आढळले.' 'डिलीशन १७पी: आढळले नाही.' डॉक्टरांनी त्या दोन ओळींवर पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे, आता औषध काही नको, तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासू. आम्ही बाहेर पडलो. मामा फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांतून ३४ वर्षे शिकवून निवृत्त झालेले. डिलीशन म्हणजे गाळणे हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. गाडीत बसल्यावर ते इतकेच म्हणाले, "म्हणजे म्हज्या रगतांत कितें तरी उणें आसा. कितें उणें आसा रे?"

मला सांगता आले नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला आणि आता सरकारी खात्यात यूडीसी. शास्त्राशी संबंध दहावीला सुटला. पण प्रश्न साधा होता आणि तो मला विचारलेला होता. त्यानंतर पाच-सहा महिने, सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून आणि रात्री संगणकापुढे, मी त्या 'उणे' असलेल्या वस्तूचा इतिहास शोधत राहिलो. तो शास्त्रापेक्षा इतिहासाच्याच पद्धतीने वाचावा लागला, कारण तिथे काय हरवले आहे हे शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षे सापडत नव्हते.

आधी जागेचा पत्ता. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक गुणसूत्राला एक आखूड बाहू, एक लांब बाहू. लांब बाहूला 'क्यू' म्हणतात. तेव्हा १३क्यू१४ म्हणजे तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचा चौदा क्रमांकाचा पट्टा. सर्व्हे नंबरच म्हणा ना! सीएलएलच्या रुग्णांच्या रोगट पेशींत हाच पट्टा पुन्हा पुन्हा तुटलेला दिसतो, हे १९८० च्या दशकापासून लक्षात येऊ लागले होते. इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मामीने पहिल्या दिवशी तेच विचारले होते. ही तूट फक्त रोगट पेशींत असते. ती आईबापांकडून आलेली नसते आणि मुलांकडेही जात नाही.

एखादा तुकडा इतक्या लोकांत गळतो, तर त्या तुकड्यात कर्करोगाला आवर घालणारे एखादे जनुक असले पाहिजे, असा तर्क झाला. तर्क बरोबरच होता. शिवाय त्याच १३क्यू१४ च्या हद्दीत तसे एक जनुक राहत असल्याचे माहीत होते. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाशी संबंधित आरबी१ जनुक १९८६ साली तिथेच सापडले होते. साहजिकच पहिला संशय त्याच्यावर. पण सीएलएलमध्ये गळणारा भाग त्याच्या शेजारचा निघाला, बऱ्याच रुग्णांत आरबी१ शाबूत होते. मग १९९० च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळा शेजारच्या जागेवर तुटून पडल्या. तिथे काही जनुकांसारखे दिसणारे सापडलेही, त्यांना 'ल्युकेमियात गळलेले' अशा अर्थाची नावेही दिली गेली. पण दोष सिद्ध करता येईना. ज्या रुग्णांत गुणसूत्राची एक प्रत गळली, त्यांच्या उरलेल्या प्रतीत ते जनुक बिघडलेले असायला हवे होते, ते चांगले असे. त्यातून कोणते प्रथिन बनते याचा पत्ता नव्हता.

प्रथिन हा शब्द आला तिथे थोडे थांबावे लागेल. माझ्यासारख्या कारकुनाला जे कळले ते कारकुनाच्याच भाषेत सांगतो. डीएनए म्हणजे रेकॉर्ड रूममधली मूळ फाईल, ती तिथून हलत नाही. काम करायचे असले की त्यातल्या एका आदेशाची प्रत काढली जाते, ही प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती बाहेर विभागात जाते आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे प्रथिन तयार होते. शरीरातले बहुतेक काम प्रथिने करतात. त्यामुळे जनुक म्हणजे प्रथिनाचा आदेश, असे समीकरण डोक्यात पक्के बसलेले. ज्यातून प्रथिन होत नाही तो मजकूर म्हणजे कोरी पाने, अडगळ. १३क्यू१४ वर सगळे जण प्रथिनाचा आदेश शोधत होते. तिथे तो नव्हता.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट, जिचा कर्करोगाशी तेव्हा काडीचाही संबंध नव्हता. इंग्लंडमध्ये केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात मातीत राहणारा एक किडा प्रयोगासाठी निवडला. जेमतेम एक मिलिमीटर लांब, अंगावाटे पलीकडचे दिसते इतका पारदर्शक. त्याच्या शरीरात नेमक्या ९५९ पेशी असतात (जननपेशी सोडून) आणि प्रत्येक पेशी कुठून आली याची वंशावळ मांडता येते. या किड्याच्या बिघडलेल्या जातींत 'लिन-४' नावाची एक जात होती. तिची वाढ पहिल्या पायरीवरच अडकते, तीच तीच पायरी गिरवत राहते. अंडी घालायची वाटच तयार होत नाही, त्यामुळे पिल्ले आईच्या पोटातच फुटतात. 'लिन-१४' ही जात हिच्या उलट: तिथे पायऱ्या गाळून वाढ पुढे पळते.

व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोघे अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत या किड्यांवर काम करत होते. पुढे दोघे वेगळे झाले. लिन-४ चे जनुक ॲम्ब्रोस यांच्याकडे, लिन-१४ चे रुव्हकुन यांच्याकडे. ॲम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाम यांनी लिन-४ चे जनुक जिथे होते तो तुकडा कापत कापत लहान केला. तुकडा लहान होत गेला, पण त्यात प्रथिनाचा आदेश काही दिसेना. शेवटी हाती राहिला फक्त २२ अक्षरांचा आरएनए. पहिल्यांदा आपलेच काहीतरी चुकले असे कुणालाही वाटले असते.

१९९२ साली दोघांनी आपापल्या जनुकाचा मजकूर एकमेकांना कळवला आणि समोर ठेवून वाचला. लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटीत, म्हणजे आदेश संपल्यानंतरच्या भागात, लिन-४ ची ती छोटी अक्षरमाला जुळेल अशा सात जागा होत्या. लिन-४ प्रथिन बनवत नव्हते. ते दुसऱ्याच्या आदेशाच्या तळाशी जाऊन चिकटत होते आणि तो आदेश अमलात येऊ देत नव्हते. आमच्याकडे फायलीला टाचलेली 'तूर्त स्थगित' अशी चिठ्ठी असते, तसे. फाईल जागेवर, आदेश जागेवर, सहीसुद्धा जागेवर, पण काम होत नाही. का होत नाही हे फाईल कितीही वाचली तरी कळत नाही, कारण चिठ्ठीची नोंद आवक-जावक रजिस्टरात नसते.

दोन्ही निबंध १९९३ च्या डिसेंबरात 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. फारशी खळबळ झाली नाही. किड्यातली गंमत म्हणून सोडून दिले गेले. ॲम्ब्रोस यांना तोवर हार्वर्डने कायम केले नव्हते, १९९२ मध्येच ते डार्टमथला गेले. (ज्यांनी पुढे नोबेल मिळवले त्यांनाही 'कायम' होण्याची ही चिंता होती, हे वाचून आमच्या कार्यालयातल्या हंगामी मंडळींना फार बरे वाटले!)

सात वर्षे अशीच गेली. २००० साली रुव्हकुन यांच्याकडे किड्यात दुसरी चिठ्ठी सापडली, लेट-७, अक्षरे २१. लिन-४ सारखे दुसऱ्या प्राण्यांत सापडले नव्हते. लेट-७ मात्र माशीत होते, समुद्रातल्या प्राण्यांत होते, माणसातही होते, आणि तेही अक्षरांत फरक नसलेले. मग गडबड सुरू झाली. २००१ च्या ऑक्टोबरात 'सायन्स'च्या एकाच अंकात तीन प्रयोगशाळांनी अशा डझनावारी चिठ्ठ्यांच्या याद्या छापल्या आणि त्यांना मायक्रोआरएनए हे नाव मिळाले. थॉमस टुशल यांच्या गटाच्या यादीत मिर-१५ आणि मिर-१६ अशी दोन नावे होती. त्या दिवशी ती फक्त क्रमांक होती.

फिलाडेल्फियाला कार्लो क्रोचे यांची प्रयोगशाळा १३क्यू१४ मागे लागलेल्यांपैकी एक. त्यांच्याकडे रुमानियातून आलेला जॉर्ज कॅलिन हा तरुण डॉक्टर काम करत होता. त्यांनी गळलेल्या भागाची हद्द आखत आखत सुमारे ३० हजार अक्षरांपर्यंत आणली. तेवढ्या जागेत प्रथिनाचे जनुक नव्हते. पण नुकत्याच छापल्या गेलेल्या याद्यांशी ताडून पाहिले तेव्हा मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही दोन्ही नावे बरोबर त्या जागेत बसली. सुमारे दोन तृतीयांश सीएलएल रुग्णांत ती गळलेली किंवा मंदावलेली होती. हे २००२ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचा संबंध पहिल्यांदा जोडला गेला तो इथे, मामांच्या रिपोर्टवरच्या ओळीत.

विचार करा. इतकी वर्षे ज्या जागेची इंच न् इंच मोजणी झाली, तिथे ती वस्तू सगळा वेळ होतीच. तिला ओळखायचे नावच कुणाकडे नव्हते. आम्ही इतिहासवाले जुन्या कागदपत्रांविषयी हेच म्हणत असतो.

मी हे मामांना सांगितले तेव्हा ते पाटावर बसून माटोळीचे सामान निवडत होते. २०१९ नव्हे, पुढच्या वर्षीची चवथ. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बावीस अक्षरे? म्हणजे वाक्यसुद्धा नाही. आमच्या वेळी मुलगा अनुस्वार गाळायचा आणि मी अर्धा गुण कापायचो. बाकीचे मास्तर म्हणायचे, अर्थ तर कळतो ना?" मग थोड्या वेळाने, "काय लिहिले होते रे त्या चिठ्ठीत?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि याचे उत्तर मात्र सरळ नाही. २००५ साली क्रोचे यांच्याच गटाने मांडले की या दोन चिठ्ठ्या बीसीएल२ नावाच्या प्रथिनाचा आदेश रोखून धरतात. योगायोग असा की बीसीएल२ हे जनुकही १९८० च्या दशकात क्रोचे यांच्याच प्रयोगशाळेत हाती लागलेले होते. १९८८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डेव्हिड व्हॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बीसीएल२ पेशीला वाढवत नाही, तर मरू देत नाही. निरोगी पेशी वेळ झाली की स्वतःहून संपते. चिठ्ठी गळाली, बीसीएल२ वाढले, की पेशी निवृत्तच होत नाही. खुर्ची सोडत नाही, आणि मागून नवी भरती चालूच! मामांच्या रक्तातले लिम्फोसाइट वाढले होते ते असे.

इथे एक नोंद करणे मला आवश्यक वाटते. क्रोचे यांच्या प्रयोगशाळेच्या काही निबंधांवर नंतरच्या काळात आक्षेप घेतले गेले, काही मागेही घ्यावे लागले. म्हणून एकाच घराण्याच्या बखरीवर विसंबू नये, दुसऱ्या दरबारचा कागद पाहावा. तो आहे. २०१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उल्फ क्लाइन आणि रिकार्डो दाला-फावेरा यांच्या गटाने उंदरांत नेमका तेवढाच भाग गाळला. त्या उंदरांना सीएलएलसारखा रोग झाला. तिथे असेही दिसले की या चिठ्ठ्या पेशीचे विभाजनही आवरत असतात, म्हणजे बीसीएल२ हा एकच धागा नव्हे. मायक्रोआरएनएला जुळायला सात-आठ अक्षरे पुरतात. त्यामुळे एक चिठ्ठी एका फायलीवर नसते, शेकडो फायलींवर असते.

यानंतर पूर आला. २००४ मध्ये जपानमधून फुप्फुसाच्या कर्करोगात लेट-७ कमी असल्याचे आले, पुढच्या वर्षी फ्रँक स्लॅक यांच्या गटाने ते रास या कुप्रसिद्ध जनुकाला आवरते असे दाखवले. २००५ च्या जूनमध्ये 'नेचर'मध्ये याच्या उलटही दिसले: मिर-१७-९२ हा चिठ्ठ्यांचा झुबका वाढला तर कर्करोगाला जोर येतो. काही गळाल्याने रोग, काही वाढल्याने रोग. सगळ्यांची नावे इथे देत नाही.

माझे लक्ष होते ते औषधाकडे. गळालेली वस्तू २२ अक्षरांची आहे आणि तेवढी अक्षरे प्रयोगशाळेत बनवता येतात, तर ती परत घालता येईल ना? हे मला सुचले तसे अर्थातच जगाला आधीच सुचले होते. २०१३ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या मिर्ना थेरप्युटिक्स या कंपनीने पहिला प्रयोग सुरू केला. मिर-३४ए ही चिठ्ठी, चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून, शिरेतून. ८५ रुग्णांना हे औषध दिले. तिघांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. पण काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती भलतीच खवळली, चौघे दगावले आणि २०१६ च्या सप्टेंबरात प्रयोग थांबवला गेला.

हे वाचले त्या रात्री मी संगणक बंद करून बसलो. तोवर माझ्या मनात एक वेडी आशा होती, ती मी कुणाला बोललो नव्हतो.

दुसरा प्रयोग सिडनीचा, आणि तो तर मिर-१६ वरच आधारलेला. ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे फुप्फुसाच्या आवरणाला जो कर्करोग होतो त्याच्या २६ रुग्णांना जिवाणूंपासून बनवलेल्या रिकाम्या कुप्यांतून ती चिठ्ठी दिली. २०१७ साली निष्कर्ष आले. एकाची गाठ बरीच आकसली, बऱ्याच जणांची काही काळ वाढली नाही. उत्साह वाटावा इतके, पण औषध म्हणावे इतके नाही. कर्करोगावर मायक्रोआरएनएचे मान्यताप्राप्त औषध आजही नाही. जी चिठ्ठी शेकडो फायलींवर चालते ती बाहेरून वाटायची, तर नको त्या फायलीही थांबणार, ही अडचण अजून सुटलेली नाही.

रोग ओळखण्यासाठी मात्र त्यांचा चांगला उपयोग होतो आहे. या चिठ्ठ्या रक्तात तरंगतात आणि सहज नासत नाहीत, असे २००८ पासून कळले आहे. वृषणाच्या कर्करोगात मिर-३७१ रक्तात शोधण्याची चाचणी २०१९ च्या जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासात १०० पैकी ९० रुग्ण ओळखू शकली.

आणि चिठ्ठी परत घालता आली नाही तरी चिठ्ठी ज्याला रोखायची त्याला दुसऱ्या मार्गाने गाठता आले. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी बीसीएल२ प्रथिनालाच जाऊन पकडते. अमेरिकेत तिला २०१६ च्या एप्रिलमध्ये परवानगी मिळाली, आधी १७पी गळालेल्या सीएलएल रुग्णांसाठी, नंतर इतरांसाठी. ही गोळी मायक्रोआरएनएच्या शोधातून निघालेली नाही, तो बीसीएल२ चा स्वतंत्र धागा आहे. दोन्ही धागे एकाच गाठीशी येतात एवढेच.

डॉक्टरांच्या त्या पेन्सिलीच्या खुणेचा अर्थही मला बराच उशिरा कळला. २००० साली जर्मनीच्या हार्टमुट ड्योनर यांनी ३२५ सीएलएल रुग्णांचा हिशेब मांडला होता. ५५ टक्क्यांत १३क्यू गळालेले. ज्यांचे फक्त तेवढेच गळालेले, त्यांतले निम्मे लोक १३३ महिन्यांहून अधिक जगले. ज्यांचे १७पी गळालेले, त्यांच्यासाठी हा आकडा ३२ महिने. हे आजच्या गोळ्यांच्या आधीचे आकडे. मामांना मी १३३ चा आकडा सांगितला, ३२ चा सांगितला नाही. त्यांनी तोंडी हिशेब केला: "अकरा वर्षे, एक महिना."

२०२४ च्या ७ ऑक्टोबरला, सोमवारी दुपारी, नोबेल जाहीर झाले. ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन. नवरात्र चालू होते, संध्याकाळी मी मामांकडे गेलो आणि तिथून आम्ही देवळात मखर बघायला गेलो. कीर्तन संपेपर्यंत मी गप्प राहिलो. आरत्या झाल्या, मखर हलू लागले, ढोल-ताशाच्या आवाजात मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितले की त्या किड्यावाल्यांना नोबेल मिळाले. त्यांना ऐकू आले नसावे असे वाटले. बाहेर पडल्यावर चपला शोधताना म्हणाले, "त्या बाईला मिळाले का? जिने तुकडा लहान लहान केला ती?" नाही म्हटले, दोघांनाच. रोझलिंड ली ही ॲम्ब्रोस यांची पत्नी, हेही सांगितले. "मग घरात तरी आले," म्हणाले.

मामांच्या पेशी आता एक लाखाच्या वर गेल्या आहेत. नुसत्या आकड्यावर औषध सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन किती, गाठी वाढल्या का, ताप-घाम येतो का, हे पाहतात. गेल्या खेपेला हिमोग्लोबिन थोडे उतरले होते. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा तीन महिने थांबू, आणि त्या वेळी गोळीचे बघू. मामांनी खिशातल्या छोट्या वहीत पुढची तारीख लिहून घेतली आणि तिच्याखाली, मला दाखवून, व्हेनेटोक्लॅक्स हे नाव अक्षर न गाळता लिहिले.